थिअरी टेस्ट ऑनलाइन केली की वेटिंग संपेल का?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुम्ही वाहन परवाना देणाऱ्या खात्यात नव्याने रुजू झाला आहात. शिकाऊ चालकांची थिअरी टेस्ट, म्हणजे वाहतुकीच्या नियमांची प्रश्नोत्तरांची परीक्षा, आजवर केंद्रातल्या कॉम्प्युटरवर होते आणि तिथे हजारो उमेदवार तारखेसाठी थांबले आहेत. ही टेस्ट घरून ऑनलाइन देता यावी असा प्रस्ताव आहे, आणि तीन महिन्यांत बॅकलॉग संपेल असं वरिष्ठांचं म्हणणं आहे. हे खरंच होईल का, आणि घरी बसून दिलेल्या परीक्षेवर कितपत भरवसा ठेवायचा, हे तुम्हाला विचारायचं आहे.

परवाना परीक्षांच्या प्रश्नपेढ्या, बुकिंगची व्यवस्था आणि परीक्षकांची वेळापत्रकं यांवर मी बरीच वर्षं काम करतो आहे. त्या अनुभवावरून सांगायचं तर थिअरीची रांग बहुधा संपेल, आणि तीन महिन्यांच्या आतही संपेल. पण तुमच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला थिअरीचा निकाल नको आहे, त्याला गाडी चालवायचा परवाना हवा आहे. तो मिळायला लागणारा एकूण वेळ या निर्णयाने कमी होईलच असं नाही. काही ठिकाणी तो वाढतोसुद्धा. हे का होतं ते नीट समजून घेतलं, तर ऑनलाइन टेस्टचा खरा उपयोग कुठे आहे हेही दिसेल. तो वेगात नाही, असं माझं मत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करतो. तुमच्या नियमांत थिअरी टेस्ट नेमकी कुठे बसते, यावर पुष्कळ काही ठरतं. भारतात ती अगदी दारात आहे. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय शिकाऊ परवाना मिळत नाही, मिळाल्यावर किमान ३० दिवस थांबून ड्रायव्हिंग टेस्ट देता येते आणि शिकाऊ परवान्याची मुदत ६ महिने असते. आयर्लंडमध्येही ती दारातच आहे, पण तिथे कारचा पहिल्यांदा शिकाऊ परवाना घेणाऱ्याला ड्रायव्हिंग टेस्टआधी ६ महिने थांबावं लागतं आणि प्रशिक्षकाकडे १२ ठरावीक धडे घ्यावे लागतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २१ वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला कमीत कमी एक वर्ष शिकाऊ परवान्यावर काढावं लागतं आणि सोबतीला अनुभवी चालक घेऊन १२० तास गाडी चालवल्याची नोंद दाखवावी लागते. ब्रिटनमध्ये मात्र तात्पुरता परवाना कुठलीही परीक्षा न देता मिळतो. तिथे थिअरी टेस्ट ही ड्रायव्हिंग टेस्ट बुक करण्याआधीची पायरी आहे, आणि तिचा निकाल २ वर्षंच चालतो.

हा फरक वरवरचा नाही. थिअरीची रांग एकदम मोकळी केली, की ती माणसं पुढच्या रांगेत कधी पोहोचतील हे यावरूनच ठरतं. भारतासारख्या रचनेत लोंढा महिन्याभरात ड्रायव्हिंग टेस्टच्या दारात येतो. आयर्लंडसारख्या रचनेत सहा महिन्यांनी येतो, म्हणजे परीक्षक नेमायला आणि शिकवायला तुम्हाला सहा महिने मिळतात. ब्रिटनसारख्या रचनेत तो दुसऱ्या दिवशीच येऊ शकतो. तुमचे वरिष्ठ 'तीन महिने' म्हणतात तेव्हा ते कुठल्या रांगेबद्दल बोलतात, हे आधी स्पष्ट करून घ्या.

आता थोडं गणित. बॅकलॉगबद्दल बोलताना लोक 'इतके हजार थांबलेत' एवढंच सांगतात. त्या आकड्याला एकट्याने काही अर्थ नसतो. समजा १२,००० माणसं थांबली आहेत, केंद्रात आठवड्याला १,००० टेस्ट होतात आणि आठवड्याला ९०० नवे अर्ज येतात. आज नाव नोंदवणाऱ्याला साधारण १२ आठवडे थांबावं लागेल, कारण त्याच्या पुढे १२ आठवड्यांचं काम आहे. पण रांग दर आठवड्याला फक्त १०० ने कमी होते. म्हणजे ती संपायला १२० आठवडे, दोन वर्षांहून जास्त. आता तीच क्षमता आठवड्याला १,३०० केली, तर रांग दर आठवड्याला ४०० ने कमी होईल आणि ३० आठवड्यांत संपेल. क्षमता ३० टक्क्यांनी वाढवली आणि लागणारा काळ एक चतुर्थांश झाला. उलट बाजूनेही हेच खरं आहे. क्षमता १,००० वरच राहिली आणि आठवड्याला नवे अर्ज ९०० ऐवजी १,००० झाले, तर रांग कधीच संपणार नाही, तुमचे कर्मचारी कितीही राबले तरी. येणारे आणि बाहेर पडणारे यांच्यातला फरक हाच आकडा महत्त्वाचा. माझ्याकडे जेव्हा एखादं खातं बॅकलॉगचं दुखणं घेऊन येतं, तेव्हा मी थांबलेल्यांची संख्या शेवटी विचारतो. आधी विचारतो, आठवड्याला येतात किती आणि जातात किती.

थिअरी टेस्ट ऑनलाइन गेली की तिची क्षमता जवळजवळ अमर्याद होते. खुर्च्या लागत नाहीत, खोली लागत नाही. म्हणून ती रांग झपाट्याने वितळते. ड्रायव्हिंग टेस्टचं तसं नाही. तिथे एक परीक्षक, एक गाडी, एक रस्ता आणि साधारण पाऊण तास लागतो. हे घरून होत नाही. धरणाचा वरचा दरवाजा उघडला आणि खालचा कालवा होता तेवढाच ठेवला, तर पाणी कुठे साचणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरीही प्रस्तावांमध्ये खालच्या कालव्याबद्दल एक ओळही नसते, कारण थिअरीचं खातं वेगळं आणि ड्रायव्हिंग टेस्टचं वेगळं असतं.

मग खालची क्षमता वाढवायची कशी? पहिलं उत्तर नेहमी 'परीक्षक वाढवा' हेच येतं. ते हवेतच. पण परीक्षक शोधणं, निवडणं, प्रशिक्षण देणं यात महिने जातात, आणि चांगले परीक्षक टिकवणं त्याहून कठीण. त्यापेक्षा मोठा आधार बहुतेक जण पाहतच नाहीत. तो म्हणजे उत्तीर्ण होण्याचं प्रमाण.

हे नीट बघा, कारण माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा इथे आहे. समजा आठवड्याला १,००० नवे उमेदवार ड्रायव्हिंग टेस्टला येतात आणि निम्मेच उत्तीर्ण होतात. नापास झालेले पुन्हा येतात, त्यातले निम्मे पुन्हा नापास होऊन पुन्हा येतात. सगळी बेरीज केली तर १,००० नव्या माणसांसाठी आठवड्याला २,००० टेस्ट घ्याव्या लागतात. हेच प्रमाण ६० टक्के झालं तर सुमारे १,६६७ टेस्ट पुरतात. म्हणजे आठवड्याला ३३३ टेस्टचा भार हलका झाला. एक परीक्षक दिवसाला ७ आणि आठवड्याचे ५ दिवस टेस्ट घेतो असं धरलं, तर हे नऊ-दहा पूर्णवेळ परीक्षक नेमल्यासारखं आहे. कुणालाही न नेमता. आणि परीक्षा सोपी करून नव्हे, उमेदवार तयार होऊन आले म्हणून. ही अट फार महत्त्वाची आहे. परीक्षा ढिली करून रांग कमी केली तर ती रांग पुढे अपघाताच्या नोंदवहीत दिसते. त्यापेक्षा रांग बरी.

ब्रिटनचं उदाहरण यासाठी उपयोगी आहे. तिथे कारच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये निम्म्याहून थोडे कमी उमेदवार उत्तीर्ण होतात, आणि कोविडनंतर वाढलेला प्रतीक्षाकाळ वर्षानुवर्षं आटोक्यात आला नाही. तिथली थिअरी टेस्ट केंद्रातच होते, त्यामुळे 'ऑनलाइन नाही म्हणून बॅकलॉग' असं कुणी म्हणेल. पण अडकलेली रांग थिअरीची नव्हतीच, ती ड्रायव्हिंग टेस्टची होती. लांब रांगेचा एक दुष्परिणाम तिथे स्पष्ट दिसला. तारीख पाच महिन्यांनी मिळणार हे कळलं, की शिकणारा माणूस पहिल्या धड्याआधीच तारीख घेऊन ठेवतो. तारीख आली की तयारी नसली तरी ती सोडवत नाही, कारण पुढची आणखी पाच महिन्यांनी. मग तो जातो, नापास होतो आणि पुन्हा रांगेत उभा राहतो. रांग लांब आहे म्हणून लोक लवकर नोंदणी करतात, आणि लोक लवकर नोंदणी करतात म्हणून रांग आणखी लांबते. त्यात स्वयंचलित प्रोग्रॅम वापरून स्लॉट उचलायचे आणि चढ्या किमतीला विकायचे हा धंदा उभा राहिला. एप्रिल २०२५ पासून तिथे शुल्क न गमावता टेस्ट रद्द करायची किंवा बदलायची मुदत ३ ऐवजी १० कामाचे दिवस आधी अशी केली, म्हणजे रिकामे स्लॉट दुसऱ्याला वेळेत मिळावेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये यापुढे फक्त शिकाऊ चालकालाच स्वतःची टेस्ट बुक करता येईल असं जाहीर झालं. तुमच्याकडे थांबलेल्यांची जी यादी आहे, तिच्यातही अशी बरीच नावं असणार. काहींनी दोन केंद्रांत नाव घातलेलं असेल, काहींनी शिकायला सुरुवातच केलेली नसेल, काहींचा विचार बदलला असेल. कुठलाही मोठा खर्च करण्याआधी सगळ्यांना एक संदेश पाठवा: तारीख अजून हवी आहे का, आणि तयारी झाली आहे का? दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर पुन्हा एक आठवण, मगच नाव बाजूला. मी हे जिथे केलं तिथे यादी दिसत होती त्यापेक्षा बरीच लहान निघाली.

आता ऑनलाइन टेस्टकडे येऊ. वर म्हटलं की तिचा खरा उपयोग वेगात नाही. तो शिकवण्यात आहे.

केंद्रातली थिअरी टेस्ट छोटी ठेवावी लागते, कारण खुर्चीचा प्रत्येक मिनिट पैशाचा असतो. घरच्या टेस्टला ते बंधन नाही. व्हिक्टोरियाने २०२१ मध्ये शिकाऊ परवान्याची परीक्षा ऑनलाइन आणली ती नुसती परीक्षा म्हणून नव्हे. तो ४ ते ६ तासांचा अभ्यासक्रम आहे. आधी एकेक भाग शिकायचा, चित्रफिती बघायच्या, प्रश्न सोडवायचे, आणि शेवटी परीक्षा द्यायची. एका बैठकीत संपवायची गरज नाही, थांबून नंतर पुढे जाता येतं. शेजारच्या न्यू साउथ वेल्सनेही याच धर्तीवर ऑनलाइन ज्ञानचाचणी ठेवली आहे. कोविडच्या टाळेबंदीत केंद्रं वारंवार बंद पडत होती तेव्हा व्हिक्टोरियाला हा मार्ग उपयोगी पडला हे खरं, पण संकट सरल्यावरही तो टिकला, याचं श्रेय मी या रचनेला देतो.

याउलट केंद्रातली तीच पंधरा-वीस मिनिटांची प्रश्नमंजूषा उचलून वेबसाइटवर ठेवली, तर काय होतं? इथे पुन्हा थोडं गणित करू, कारण 'परीक्षा घेतली' आणि 'ज्ञान तपासलं' यात केवढं अंतर पडू शकतं ते त्यातूनच कळतं. समजा १५ प्रश्न आहेत, प्रत्येकाला तीन पर्याय आणि ९ बरोबर आले की पास. काहीही न वाचता डोळे मिटून उत्तरं निवडणारा शंभरातले तीन वेळा पास होईल. फार नाही. पण घरून हवे तितके वेळा प्रयत्न करू दिले तर दहा प्रयत्नांत त्याची शक्यता पंचवीस टक्क्यांच्या वर जाते. आणि ज्याला १५ पैकी फक्त ६ प्रश्नांची खरी उत्तरं माहीत आहेत, बाकी ९ तो अंदाजाने ठोकतो, तो एकाच प्रयत्नात पास होण्याची शक्यता ६० टक्क्यांहून जास्त आहे. ज्याला निम्म्याहून अधिक नियम ठाऊक नाहीत असा माणूस बहुतेक वेळा पास! यात कुणी फसवणूकही केलेली नाही. आता तुलना करा: आयर्लंडमध्ये कारसाठी ४० प्रश्न आणि ३५ बरोबर हवेत. ब्रिटनमध्ये ५० प्रश्न, ४३ बरोबर, आणि त्याशिवाय नोव्हेंबर २००२ पासून रस्त्यावरचा धोका ओळखण्याची व्हिडिओ चाचणी. प्रश्न जास्त आणि उत्तीर्णतेची रेषा उंच असली की अंदाजपंचे पास होणं जवळजवळ अशक्य होतं.

म्हणून ऑनलाइन जाण्याआधी प्रश्नसंख्या वाढवा, रेषा वर न्या, आणि दोन प्रयत्नांत काही दिवसांचं अंतर ठेवा. प्रश्नपेढी मोठी लागेल. पेढीत प्रश्न कमी असतील तर आठवड्याभरात सगळे प्रश्न उत्तरांसह मोबाइलवर फिरू लागतात. पाठांतर होऊ नये असं वाटत असेल तर एकाच नियमावर वेगवेगळ्या परिस्थितीतले प्रश्न लिहा. 'या चिन्हाचा अर्थ काय' हा प्रश्न पाठ करता येतो. 'तुम्ही डावीकडे वळताय, सायकलस्वार तुमच्या डावीकडून सरळ जातोय, झेब्रा क्रॉसिंगवर एक म्हातारी उतरलीय, आधी कोण?' हा प्रश्न पाठ करायचा तरी नियम समजावाच लागतो. चांगला प्रश्न लिहायला वेळ लागतो. तो वेळ द्या. ऑनलाइन प्रकल्पाच्या खर्चात सॉफ्टवेअरला भरपूर आणि प्रश्न लिहिणाऱ्यांना काहीच नाही, हे मी फार वेळा पाहिलं आहे आणि त्याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आता फसवणूक. ही भीती खरी आहे, आणि तिला दोन वेगळे भाग आहेत. एक, परीक्षा देणारा माणूस तोच आहे का? दोन, तो कुणाची मदत घेतोय का? पहिला प्रश्न जास्त गंभीर आहे, दुसरा जास्त वारंवार येतो.

आयर्लंडची ऑनलाइन टेस्ट कॅमेऱ्यावरून पाहणाऱ्या पर्यवेक्षकासमोर होते. ओळखपत्र दाखवायचं, खोली कॅमेऱ्याने फिरवून दाखवायची, मग परीक्षा. भारतात मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने आधार पडताळणीवर घरून घेता येतील अशा १८ सेवा अधिसूचित केल्या, त्यांत शिकाऊ परवानाही आला. तिथे ओळख आधारच्या माहितीशी जोडली जाते. दोन्ही पद्धती ओळखीचा प्रश्न आपापल्या परीने सोडवतात. पण लॉगिन कुणाच्या नावाचं आहे हे कळणं आणि उत्तरं कोण निवडतंय हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पर्यवेक्षक नसेल तर दुसरी गोष्ट तुम्हाला कळत नाही, मग पडताळणी कितीही पक्की असो.

त्याच वेळी, केंद्रात बसवलं म्हणजे सगळं स्वच्छ झालं असं समजणंही भाबडेपणाचं आहे. दिल्लीतल्या परवान्यांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये अर्थशास्त्राच्या नामांकित संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यात उमेदवारांचे तीन गट केले होते. एकाला परवाना लवकर मिळवल्यास बक्षीस, दुसऱ्याला मोफत ड्रायव्हिंगचे धडे, तिसऱ्याला काहीच नाही. पहिले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा जास्त प्रमाणात परवाना मिळवू शकले. पण बक्षीसवाल्यांनी एजंटमार्फत जास्त पैसे मोजले आणि गाडी न येताच परवाना मिळवला. एजंट ड्रायव्हिंग टेस्टसुद्धा टाळून देऊ शकतात हेही त्यात दिसलं. ही सगळी प्रत्यक्ष कार्यालयात होणारी प्रक्रिया होती, घरून नव्हे. मला या अभ्यासातला धड्यांचा गट जास्त बोलका वाटतो. शिकवलं तर माणसं सरळ मार्गानेही परवाना मिळवतात.

भिंती असल्या काय आणि नसल्या काय, विश्वास येतो तो नंतरच्या तपासणीतून. माझ्या कामात सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय साधा आहे. ड्रायव्हिंग टेस्टला माणूस प्रत्यक्ष येतोच. गाडीत बसण्याआधी टॅबलेटवर पाच-सहा प्रश्न विचारा, त्याच प्रश्नपेढीतले, दोन मिनिटांत संपणारे. आणि त्याचा चेहरा ऑनलाइन टेस्टच्या वेळी घेतलेल्या फोटोशी ताडून बघा. ज्याच्यासाठी दुसऱ्याने थिअरी दिली तो इथे अडखळतो. सगळ्यांना विचारायला वेळ नसेल तर यादृच्छिक पद्धतीने काहींना विचारा, पण कुणालाही विचारलं जाऊ शकतं हे सगळ्यांना माहीत असू द्या. जोडीला मागची आकडेवारी पाहा. एकाच उपकरणावरून महिन्यात कितीतरी वेगवेगळ्या उमेदवारांनी परीक्षा दिली का? चाळीस प्रश्न वाचायलाही पुरणार नाही इतक्या कमी वेळात सगळी उत्तरं बरोबर आली का? एखाद्या भागातले सगळे उमेदवार ऑनलाइन टेस्टमध्ये उत्तम आणि टॅबलेटवरच्या प्रश्नांत वाईट निघतात का? या खुणा दिसल्या की त्या उमेदवाराला लगेच दोषी धरू नका, त्याला केंद्रात पुन्हा टेस्ट द्यायला बोलवा. एकाच घरातल्या चार भावंडांनी एकच लॅपटॉप वापरला असू शकतो. शिक्षेआधी पुन्हा तपासणी, हा क्रम मोडू नका.

पर्यवेक्षकाचा खर्च परवडतो का, हे तुमच्या बजेटवर आहे. थेट पाहणारा पर्यवेक्षक महाग पडतो. रेकॉर्ड करून संशयास्पद भागच नंतर बघणं स्वस्त पडतं, पण निकाल उशिरा लागतो आणि संशय ठरवणारं सॉफ्टवेअर अंधुक प्रकाशात, गर्दीच्या घरात राहणाऱ्यांवर जास्त बोट ठेवतं. ज्यांच्याकडे स्वतंत्र खोली नाही त्यांच्यावर हा अन्याय होतो. पर्यवेक्षक अजिबात नसेल तर मात्र ड्रायव्हिंग टेस्टच्या वेळची पुनर्तपासणी सक्तीची ठेवा. यात मी तडजोड सुचवणार नाही.

इथवरचं एका ओळीत बांधायचं तर: थिअरीची रांग ऑनलाइनने जाईल, ड्रायव्हिंग टेस्टची रांग उमेदवारांच्या तयारीने जाईल, आणि लांबलचक ऑनलाइन अभ्यासक्रम हा या दोन्हींना जोडणारा दुवा आहे.

केंद्रं सगळी बंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती. ज्यांना वाचायला कष्ट पडतात, ज्यांना ऐकून उत्तर द्यायचं असतं, ज्यांच्याकडे धड इंटरनेट किंवा मोठा स्क्रीन नाही, ज्यांना ओळखपत्राची अडचण आहे, त्यांच्यासाठी खुर्ची राहिली पाहिजे. ही माणसं आवाज करत नाहीत. ती अर्ज अर्धवट सोडून निघून जातात, आणि मग कुणीतरी दोन पैसे घेऊन 'मी करून देतो' म्हणतो. एजंटला काम मिळतं ते बहुधा अशाच फटीतून. बाकीचे ऑनलाइन गेल्यावर केंद्रातल्या खुर्च्या मोकळ्या होतीलच. त्यांतल्या काही या लोकांसाठी राखा, काहींवर संशयास्पद निकालांची फेरपरीक्षा घ्या, आणि उरलेला कर्मचारीवर्ग ड्रायव्हिंग टेस्टच्या कामाकडे वळवता येतो का ते पाहा. कागदपत्रं तपासणं, टॅबलेटवरचे प्रश्न घेणं, चेहरा ताडणं हे काम त्यांनी केलं तर परीक्षकाचा वेळ फक्त गाडीत जाईल.

मध्येच इंटरनेट गेलं तर काय, याचा नियम आधीच लिहून ठेवा. प्रश्न तिथून पुढे सुरू होणार, की नव्याने? वेळ थांबणार का? शुल्क परत मिळणार का? हे पहिल्या दिवशी ठरलेलं नसेल तर हेल्पलाइनवर फोनचा मारा होईल आणि तुमचे सगळ्यात अनुभवी लोक परीक्षेऐवजी तक्रारींत अडकतील.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. पहिल्या महिन्यात यादी साफ करा आणि दोन्ही रांगांचे आठवडी आकडे काढा: आले किती, परीक्षा दिली किती, पास किती, न आलेले किती. मग ऑनलाइन थिअरी एका छोट्या गटावर चालवून बघा. शक्य असेल तर त्यांतल्या अर्ध्यांना छोटी परीक्षा आणि अर्ध्यांना अभ्यासक्रमासह परीक्षा द्या, कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोन्ही गटांचं काय होतं ते मोजा. तुमच्या वरिष्ठांना पटवायला याहून मोठा पुरावा मिळणार नाही. सगळ्यांसाठी दार उघडण्याआधी ड्रायव्हिंग टेस्टचे जादा परीक्षक कामावर आलेले असू द्या, आणि दार उघडताना आठवड्याला किती जणांना थिअरी देता येईल यावर सुरुवातीला मर्यादा ठेवा. मर्यादा हळूहळू वाढवा. अचानक उघडलेल्या दाराचं कौतुक पहिल्या आठवड्यात होतं, हिशोब सहाव्या महिन्यात द्यावा लागतो.

शेवटचा मुद्दा मुदतीचा, आणि तो पुढे ढकलू नका. थिअरीचा निकाल किंवा शिकाऊ परवाना ठरावीक काळच चालतो. रांग लांब असताना ही मुदत संपत जाते आणि माणूस काही चूक नसताना पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये ड्रायव्हिंग टेस्ट बंद होत्या तेव्हा थिअरीच्या निकालांची दोन वर्षांची मुदत वाढवायला तिथल्या सरकारने नकार दिला. वेळ गेला की ज्ञान विसरलं जातं, हे त्यांचं कारण अगदीच चुकीचं नव्हतं. पण ज्यांची मुदत संपली त्यांनी पुन्हा थिअरी दिली, आणि थिअरीच्या रांगेतही भर पडली. तुमच्याकडे एक सोपा मार्ग आहे. ज्याने ड्रायव्हिंग टेस्टची तारीख मुदतीच्या आत मागितली, पण खात्याने ती मुदतीनंतरची दिली, त्याची मुदत त्या तारखेपर्यंत आपोआप वाढावी. त्याने नव्याने अर्ज करायचा नाही, शुल्क भरायचं नाही. वेळ गेल्यामुळे नियम विसरले असतील तर ते टॅबलेटवरच्या पाच-सहा प्रश्नांत कळेलच. हा बदल करायला बहुतेक ठिकाणी नियमात दुरुस्ती लागते आणि तिला वेळ जातो, म्हणून तिचा मसुदा ऑनलाइन टेस्टच्या प्रस्तावासोबतच वर पाठवा.